ऐकलं म्हणून दोनदा टकटक

मंगळवार, ८ जुलै

तीन आठवडे! दोन दिवसांच्या खेळासाठी तीन आठवडे आधी अर्ज करा म्हणे. बोअरचा पाईप काय तीन आठवडे आधी सांगून फुटतो? रविवारी फुटला आणि गावातलं मैदान गेलं. खोल जमिनीतलं वाफाळणारं पाणी नुसतं भरून राहिलंय, गुरं आत सोडली तर पोटापर्यंत रुततील. म्हणून यंदाचा कॅम्पड्राफ्ट डोंगरापलीकडे, मर्वच्या कुरणात. घोडेवाल्यांचं काय, कुठेही एखादं जनावर कळपातून काढून खुंट्यांभोवती पळवतील. मेलं मरण माझं. वॉकीटॉकी भाड्याने देणार मी, आणि माझं लायसन डोंगराच्या अलीकडचं.

लायसनच्या ऑफिसात फोन लावला. बाई आवाजाने तरुण होती, गोड बोलत होती, त्यानेच जास्त डोकं फिरलं.

"तुमचं चॅनेल तुमच्या तालुक्यापुरतं आहे, मॅडम. पलीकडे तोच आकडा दुसऱ्या कोणाला दिलेला असू शकतो. कमी मुदतीचं लायसन मिळतं, पण आधी तपासावं लागतं, तिथे त्या आकड्यावर कोण आहे ते."

"कोणी नाही. कांगारू आहेत. मी इथेच जन्मले."

"असेलही, पण तपासल्याशिवाय आम्हाला देता येत नाही. नाहीतर सार्वजनिक चॅनेल वापरा ना, त्याला काही लागत नाही."

सार्वजनिक चॅनेल! मागच्या वर्षी तेच केलं होतं. ट्रकवाले शिव्या देत होते, तंबूतली पोरं पादल्याचे आवाज काढत होती, आणि त्या गोंधळात घोड्याखाली सापडलेल्या बाईसाठी कोणी रुग्णवाहिका मागतंय हे कोणाला ऐकूच आलं नाही. यंदा विमेवाल्यांनी अट घातली, स्वतःचं चॅनेल हवं.

आणि नियम असा की भाड्याने घेणारा मोकळा. त्याला लायसन नको, माझंच त्याचं. काही झालं तर गळा माझा.

पलीकडे राहतं कोण? म्हातारे स्ट्राउड नवराबायको. त्यांच्याकडे आता फोनबिन काय काय आधुनिक आलं असेल. त्यांना काय आमच्या चॅनेलशी करायचंय.

ही डायरी गुरांच्या दलालाने फुकट वाटलेली. पहिल्या पानावर बैलाचा फोटो. जानेवारीपासून कोरी होती, आज रागाच्या भरात उघडली.

गुरुवार, १० जुलै

मर्व आला होता. माझा दीर. नवरा पळून गेला तरी दीर उरलाच. कमिटीचा अध्यक्ष आहे, म्हणून हॅट घरातसुद्धा काढत नाही.

म्हटलं, "मर्व, लायसन येत नाहीये. वॉकीटॉकी द्यायच्या की नाही?"

"तू किती वर्षं करतेयस हे?"

"तुला माहितीये."

"मग कधी कोणी तपासायला आलं? रेलीन, दोन दिवसांचा प्रश्न आहे. गावाचा कॅम्पड्राफ्ट बंद ठेवायचा का तुझ्या एका कागदासाठी? विमेवाल्यांना सांगितलंय मी, चॅनेल आमचं स्वतःचं आहे. आता तोंडघशी पाडू नकोस."

"पकडलं तर?"

"कोण पकडणार? तिथे ऐकतंय कोण?"

तेच तर मी स्वतः त्या बाईला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं.

सगळ्या वॉकीटॉकी चार्जिंगला लावल्यात. आकडा नेहमीचाच ठेवलाय. उद्या ट्रेलरवरचा अँटेनाचा खांब मर्वच्या टेकडीवर चढवायचा. त्या उंचीवरून अख्खं खोरं ऐकू येईल.

शनिवार, १२ जुलै

पाय दुखतायत पण दिवस झकास गेला. कोणाचं हाड मोडलं नाही, कोणाचा घोडा सुटला नाही. आणि रेडिओवर शांतता! ती माझी करामत.

सकाळी सगळ्या स्वयंसेवकांना उभं केलं आणि बजावलं. ही गप्पांची जागा नाही. विचारायचं ते थोडक्यात विचारा. ज्याने ऐकलं आणि ज्याचं उत्तर हो आहे त्याने तोंड उघडायचं नाही, बटण दोनदा दाबायचं. टक टक. झालं. नाही म्हणायचं असेल तरच बोला.

कँटीनमधली शेरिल म्हणाली, "लग्नात पण असंच केलं होतंस का गं?"

"मी नाही. केव्हने केलं असतं तर अजून माझ्या घरात असता."

हसल्या सगळ्या. पण दुपारपर्यंत सवय लागली. फाटकावरचा लिंडसेसुद्धा टकटक करायला लागला, आणि तो तर झोपेतही बोलतो. ही पद्धत मी काढलेली नाही. लोकर कापणाऱ्यांसाठी स्वयंपाक करायचे तेव्हा कुठेतरी बघितली होती.

मी दिवसभर निवेदकाच्या कॅराव्हॅनमध्ये, मोठ्या संचापाशी. तो थेट खांबाला जोडलेला, म्हणून माझा आवाज सगळ्यात जोरात.

एकच गंमत. सूर्य टेकडीमागे जात होता, माझ्या एका हातात स्टेकचा पाव, कांद्याचा रस कोपरापर्यंत ओघळलेला. लिंडसेने विचारलं, "शेवटचा ट्रक आत आला, फाटक लावू का?" त्याच्या पाठोपाठ कोणा बाईचा आवाज, अगदी खोल, खरखरीत. "...आहेस ना रे?... जेवण..." असं काहीतरी. वाटलं, कँटीनमधल्या कोणाच्या हातात वॉकीटॉकी लागली आणि नवऱ्याला शोधतेय. लिंडसेला दोनदा टकटक दिली. त्यावर ती बाई म्हणाली, "बरं तर." म्हटलं, हिला काय मध्येच! शेरिलला झापलं, की तुझ्या बायकांच्या हाती माझी यंत्रं देऊ नकोस. ती म्हणाली, आमच्याकडे एकच आहे आणि ती माझ्या खिशात आहे. खोटं बोलते.

भर हिवाळा, थंडी मरणाची आहे. घोड्यांच्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय असेल.

रविवार, १३ जुलै

अंतिम फेरी झाली. कोण जिंकलं ते पेपरात येईल, मला लिहायचा उत्साह नाही.

जेवणाच्या सुमाराला रुग्णांना न्यायला येणारं डॉक्टरांचं विमान डोक्यावरून गेलं. आधी वाटलं आपल्याकडेच कोणी पडलं. मग कळलं, क्लॅरी स्ट्राउड. लांबच्या बोअरकडे जाताना चारचाकी बाईक उलटली आणि पाय खाली अडकला. काल दुपारपासून पडला होता. अख्खी रात्र, त्या दवात. आज उजाडल्यावर त्याच्या बायकोने, विनीने, स्वतः गाडी काढून शोधला. ती काही लहान नाही, त्याच्याच बरोबरीची.

बारमध्ये चर्चा. एवढ्या वयात एकट्याने कशाला जायचं! आणि विनी म्हणे सांगतेय, की संध्याकाळी त्याने रेडिओवर उत्तर दिलं होतं म्हणून ती निवांत झोपली. पाय अडकलेला माणूस कसलं उत्तर देतो? मर्व म्हणाला, "म्हातारीचं डोकं चाललंय हळूहळू." मी पण मान हलवली.

खांब उतरवून आणला. वॉकीटॉकी पुसून पेटीत ठेवल्या. नेहमी मोजून ठेवते, आज तशाच कोंबल्या. जेवण गेलं नाही. कँटीनचं मांस शिळं असावं.

मंगळवार, १५ जुलै

आज जाऊन आले स्ट्राउडांकडे. अशा वेळी रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून खारवलेल्या मांसाचं भांडं घेतलं. खरं सांगू तर खायला घालायला गेले नव्हते. मला तो रेडिओ बघायचा होता.

त्या स्वयंपाकघरात मी चौदाव्या वर्षी आले होते, लोकर कापणाऱ्यांच्या भाकऱ्या भाजायला. शाळा सुटलेली, लिहिता येत नव्हतं. किराण्याची यादी करता यावी म्हणून मिसेस स्ट्राउडनी मला त्याच टेबलाशी अक्षरं घोटून घेतली. या डायरीतलं वाकडंतिकडं अक्षर त्यांचंच.

रेडिओ फ्रिजवर. तोच जुना. दर वर्षी त्याचं लायसन भरतात. पुढे चिकटपट्टीवर आकडा लिहिलेला. मला तो वाचायला जवळ जावं लागलं नाही.

त्या म्हणाल्या, "बस पोरी. चहा टाकते." कप एकेक नीट मांडले.

मग आपणच बोलायला लागल्या. "दिवस मावळला की मी क्लॅरीला हाक मारते. दिवसभर संच बंदच असतो, बॅटरी जाते. तो बोलत नाही, तुला माहितीच आहे. दोनदा बटण दाबतो. टक टक. म्हणजे मी ठीक आहे. मग अंधार पडला तरी आला नाही, तर समजायचं बोअरवरच्या खोपटात झोपला. इतकी वर्षं हेच. शनिवारी मी हाक मारली. टक टक आली, रेलीन. मी बरं तर म्हटलं, त्याचं ताट ओव्हनमध्ये झाकून ठेवलं आणि झोपले. मी झोपले गं."

मला ते टेबल आठवलं. त्या काळी मी बटाटे सोलत असायची, आणि रोज संध्याकाळी फ्रिजवरून टक टक यायची. कुठेतरी बघितली होती म्हणे! इथे बघितली होती.

तेवढ्यात त्यांचा मुलगा ग्रँट आत आला. टूवूम्बात असतो, पायात शहरातले बूट. म्हणाला, "बरं झालं आलात. तुम्ही रेडिओचा धंदा करता. आईला सांगा जरा. हा संच आपोआप टकटकतो का?"

मिसेस स्ट्राउड माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "रेडिओ आपोआप टकटकत नाही."

खरं तेच बोलले. एक अक्षर खोटं नाही.

"ऐकलंस ना आई?" ग्रँट म्हणाला. "आणि हिला माणसांचे आवाजही ऐकू आले. कोणी पुरुष फाटक लावू का विचारत होता म्हणे. इथे दहा कोसांत फाटक लावायला कोण आहे?"

मिसेस स्ट्राउड हळूच म्हणाल्या, "मला तसं वाटलं खरं." आणि त्यांनी माझ्यापुढे केक सरकवला.

मी तो खाल्ला. पूर्ण खाल्ला.

शुक्रवार, १८ जुलै

क्लॅरीचा पाय गुडघ्यावरून काढला.

शुद्धीवर आलाय, आणि जे सांगतोय ते लिंडसेने मला पेट्रोल पंपावर सांगितलं. लिंडसेची बहीण त्याच हॉस्पिटलात झाडलोट करते. क्लॅरी म्हणतो, पडलो तेव्हा वॉकीटॉकी उडून गवतात गेली. हात लांबवला तरी पोहोचेना. पण ऐकू येत होती. विनीची हाक ऐकू आली. म्हणतो, मी ओरडलो, पण बटण दाबल्याशिवाय ओरडून काय होतंय! आणि मग टक टक झालं. मी दाबलं नाही आणि टक टक झालं. मग विनी म्हणाली, बरं तर. आणि बंद झालं सगळं.

लिंडसे म्हणाला, "इंजेक्शनं देतात ना भारी भारी, त्यात असं काहीबाही दिसतं माणसाला."

"हो," मी म्हटलं. पेट्रोल टाकीच्या बाहेर सांडलं.

त्याला कळलेलं नाही. प्रश्न त्यानेच विचारला होता, आणि फाटक त्यानेच लावलं.

सारखं डोळ्यांपुढे येतं. गवतात पडलेला म्हातारा, हाताच्या टप्प्यापलीकडे ते यंत्र, आणि त्याच्या वतीने मी सांगतेय की मी ठीक आहे. एका हातात पाव धरून.

त्या ऑफिसातल्या मुलीने दुसरं काय सांगितलं होतं? तिथे कोण आहे ते आधी बघावं लागतं. एवढंच. मी त्याला कागदाचं खूळ म्हटलं.

रविवार, २० जुलै

शेरिलकडून कळलं. गुरुवारी टूवूम्बाहून डॉक्टर येतोय, मिसेस स्ट्राउडचं डोकं तपासायला. ग्रँटने बोलावलाय. डॉक्टरने लिहून दिलं की त्या एकट्या राहण्यालायक नाहीत, की त्यांना तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात ठेवणार आणि जागा विकणार. क्लॅरीला परस्पर तिकडेच नेतील.

"आणि बाई काही बोलत नाही गं," शेरिल म्हणाली. "आधी भांडायची, मी ऐकलं म्हणून. आता म्हणते, असेल, मलाच वाटलं असेल. रेलीन म्हणाली ना."

रेलीन म्हणाली ना.

मी शेरिलला विचारलं, "त्या शनिवारी वॉकीटॉकी खरंच तुझ्या खिशात होती?"

"तेव्हाच सांगितलं होतं तुला. तू ऐकतेस कुठे कोणाचं?"

दुपारभर अंगणात लाकडं फोडली. पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा फोडून झाली. वाटलं, बोलले तर लायसन जाणार, दंड होणार, पेट्या विकाव्या लागणार. या वयात मला परत स्वयंपाकाला कोण ठेवणार? मग वाटलं, तो पाय काही परत येत नाही. हे वाटून बरं वाटलं, आणि बरं वाटलं त्याची किळस आली. पाय येत नाही. पण म्हातारीचं डोकं शाबूत आहे, आणि ते अख्ख्या मुलखात फक्त मला माहितीये.

सोमवार, २१ जुलै

मर्वला गुरांच्या बाजारात गाठलं. कुंपणावर पाय टाकून बसला होता, शेजारी दोघंतिघं. म्हटलं, इकडे ये. म्हणाला, बोल ना इथेच. मी म्हटलं, इथेच बोलू? मग आला.

सगळं सांगितलं. आकडा, खांब, पाव, टक टक. आधी हसला. मग हॅट काढली. त्याचं टक्कल मी दहा वर्षांत बघितलं नव्हतं.

"कोणाला बोललीस?"

"तुला."

"मग तिथेच ठेव. दोघं म्हातारी आहेत रेलीन, आज ना उद्या जायचीच होती तिकडे. तू तोंड उघडलंस तर विमेवाले येतील, कमिटी बुडेल, पुढच्या वर्षी कॅम्पड्राफ्ट नाही. गावाला काय तोंड दाखवशील?"

"आत्ता कोणतं दाखवतेय?"

"हे बघ, लायसन तुझं. चूक तुझी. मी भाड्याने घेतल्या. भाड्याने घेणारा मोकळा, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतेस."

हे मात्र त्याने बरोबर पकडलं. मी म्हटलं, "हो. बटण मी दाबलं. ते मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, तुझ्यावर ढकलणार नाही. पण तू विमेवाल्यांना काय सांगितलंस ते तुझं तू सांग. मला एकटीला ग्रँट दारात उभी करणार नाही. म्हणेल, परवा एक बोलली, आज दुसरंच बोलते, ही पण चळली. तू अध्यक्ष आहेस. तू म्हणालास, की त्या दिवशी आमची माणसं त्या आकड्यावर होती, फाटकाचं बोलणं आमचंच होतं, तर डॉक्टरला ऐकावं लागेल."

"विचार करू दे."

"गेल्या वेळी आपण दोघांनीही तो केला नाही."

तो पुन्हा कुंपणावर जाऊन बसला. हॅट घातली. बोलीला आलेल्या वासरांकडे असा बघत बसला जणू तीच विकत घ्यायचीयत.

घरी येऊन लायसनच्या ऑफिसात फोन केला. तीच मुलगी. म्हटलं, तुम्ही तपासायचं म्हणाला होतात ना, डोंगरापलीकडे कोण आहे ते? मी तपासलं. स्ट्राउड आहेत. मग सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ते गृहस्थ आता कसे आहेत?" मला वाटलं होतं आधी माझा लायसन नंबर विचारेल. रडायला आलं, पण फोनवर रडणं मला जमत नाही, म्हणून खोकले.

माझं काय व्हायचं ते होईल. पत्र येईल म्हणाली.

मिसेस स्ट्राउडना अजून सांगितलेलं नाही. ते फोनवर सांगायचं नाही. गुरुवारी सकाळी डॉक्टरच्या आधी त्या टेबलाशी जाऊन बसणार. त्या केक पुढे करतील. बोलून होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

संध्याकाळी मर्वचा फोन. "तू खरंच करणार आहेस का हे?"

"केलं. ऑफिसात सांगून झालं. आता गुरुवार उरलाय."

मग त्याने जिभेने टकटक केलं, दोनदा. विनोद करायची सवय जाता जात नाही.

मी म्हटलं, "ते चालणार नाही मर्व. तसल्या उत्तरावर एक माणूस रात्रभर पडून राहिला. येतोस की नाही, ते तोंडाने सांग, शब्दात सांग. बुधवारी दिवस मावळायच्या आत."